बाकाची खालची बाजू

बाक उलटं केलं तेव्हा
आधी कोळ्याचं जाळं, मग दगड झालेलं च्युइंगम,
आणि त्याच्याही मागे
पटाशीच्या टोकानं कोरलेली एक होडी.
वल्ही नाहीत.
शेजारी अक्षरं, काने जरा तिरपे:
मी आलों नाहीं. मला आणिलें.

कोरणारा डावखुरा. सुताराला एवढं कळतं.

पाळकबाईंनी कपाटातली जुनी नोंदवही काढली,
बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या.
नाव एनॉक. वय अदमासे बारा. काम सुतारी.
कुठून: गलबतावरून.
आधीचं नाव:
आणि पुढे नुसती रेघ.
रेघेच्या सुरुवातीला शाई फुटलीये.
लिहिणारा तिथं टाक टेकवून थांबला असावा,
विचारू की नको.

गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली पोरं
मुंबईहून इथं आणली, शरणपूरला.
गोदेच्या पाण्यानं आंघोळली, मराठीत भांडली,
रंधा शिकली, भाता शिकली,
आणि मोठी झाल्यावर काही जण पुन्हा बोटीत बसले,
मोंबासाकडे.

याच बाकावर मास्तरांनी सांगितलं असेल,
एक तान्हं बाळ होतं, मोशे नावाचं,
डांबर लावलेल्या टोपलीत, नील नदीत.
एनॉकनं विचारलं असेल,
डांबर आतून की बाहेरून?
आणि मग हळूच, ती नदी माझ्या गावापासून किती लांब?
मास्तर पुढच्या गोष्टीवर गेले असतील:
राजाची माणसं लेकरं मारत सुटली,
योसेफ रातोरात मरियेला नि बाळाला घेऊन निघाला.
कुठं?
मिसरात.
पुन्हा तिकडंच.

निसार पॉलिशवाला, कथड्याचा,
बाटलीत चपडी लाख हलवत ऐकत होता.
म्हणाला, आमचेपण तिकडंच गेले.
मक्केत जगू देईनात, तेव्हा समुद्र ओलांडून हबशाला.
राजा ख्रिस्ती.
पकडायला आलेल्यांना त्यानं सांगितलं,
सोन्याचा डोंगर दिलात तरी ही माणसं देणार नाही.
आणि पहिली बांग कुणाची, ठाऊक आहे?
बिलालची. हबशी गुलाम.
छातीवर धोंडा ठेवला तरी म्हणत राहिला,
एक. एक.
निसारनं बाटली खाली ठेवली.
लाख अजून विरघळायची होती.

मी पात्याला धार लावत होतो.
धार लावताना माणूस वेडावाकडा विचार करतो.
म्हणजे पहिलं शरणपूर तिकडं होतं की काय?
तीन घरची लेकरं ज्या अंगणात
जीव वाचवायला गेली,
त्याच अंगणातल्या पोराला आपण इथं बसवलं
आणि सांगितलं,
बघ, आम्ही तुला आसरा दिला.

खोटं नाही ते.
भाकरी दिली. पटाशी दिली.
रेघही आपणच दिली.

बाहेर रिक्षावाला ओरडतोय,
शरणपूर रोड, शरणपूर रोड, एक सीट!
सिग्नलला कुणी विचारत नाही,
शरण कोण आलं होतं, आणि कुणाला.

पाळकबाई दारात घुटमळल्या.
घासून टाकणार का ते?
मी म्हटलं, पाय डगमगतात तेवढे बसवतो.
खालच्या बाजूला पॉलिश कुणी करत नाही.
निसारनं केलं. दोन हात.
होडीच्या खाचेत लाख जरा जास्तच उतरली,
ओली असेपर्यंत
पाण्यासारखी दिसली.

बिलात धरलं नाही.