थोडं जुळवून घ्यावं लागेल

तीन खोक्यांत आला टर्बो.
एकात नुसता फेस आणि नटबोल्टांची पिशवी,
आणि चार पानी पत्रक, ज्याच्या तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं :
थोडं जुळवून घ्यावं लागेल.

सॅगिनॉच्या गारठलेल्या गॅरेजात
मी एकटीच मोठ्यानं हसले.
चर्चच्या पायरीवर माझी जाळी सारखी करताना
आईनं हेच सांगितलं होतं, पोलिशमध्ये.
लायलशी बावीस वर्षं जुळवलं.
या गाडीशी हा तिसरा हिवाळा.

जुळवायचं म्हणजे नेमकं काय, ते पत्रकात नव्हतं.
बॅटरी उचलून डिकीत न्यायची.
काच धुण्याच्या पाण्याची टाकी काढूनच टाकायची,
कारण तिथून आता मनगटाएवढा पाइप जातो;
तेव्हापासून सीटमागे एक फवाऱ्याची बाटली असते
आणि सिग्नलला मी हात बाहेर काढून
खिडकीतून झाडाला पाणी घालावं तशी काच धुते.

ऑर्विल झिमेकनं वेल्डिंग करून दिलं.
"रोजच्या वापराला?" त्यानं विचारलं,
आणि 'रोजच्या'पाशी असा थांबला
की मीच पुढचं बोलून टाकलं :
हो. कामावर. आणि किराणा आणायला.

पहाटे पाच दहाला
शेजारच्या ओफेलिया त्रुहियोचा कुत्रा
माझ्याआधी माझी गाडी ओळखतो.
अडतीस मैल साखर कारखान्यापर्यंत.
पुढे बीटचे ट्रक, माती सांडत,
मागे माझा डबा, उकडलेली अंडी.
ओव्हरटेकला पाय दाबते.
काही होत नाही.
अजून काही होत नाही.
मग पाठीवर कुणी अख्खा तळहात ठेवून
चल म्हणावं,
तसं काहीतरी.
पाय काढला की बॉनेटखाली एक सुस्कारा,
मोठा, निर्लज्ज.
बाजूच्या पिकअपमधला पोरगा वळून बघतो
आणि त्याला दिसते पांढऱ्या केसांची बाई,
प्रयोगशाळेचा कोट, चष्मा दोरीला.

जानेवारीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, फट्ट!
टायर गेला वाटलं. रबरी सांधा निसटला होता.
आठ सिलिंडर दम्याच्या म्हाताऱ्यासारखे धापत होते.
एक ट्रकवाला थांबला. कुणाला बोलवू का, म्हणाला.
बोलवू नका, म्हटलं, टॉर्च धरा.
त्यानं धरला. नाकातून वाफ सोडत,
एक अक्षर न बोलता, हलू न देता.
अशा प्रकाशात मी फार वर्षांनी काम केलं.

महाग पेट्रोल पिते. उन्हाळ्यात तापते, रुसते.
मेकॅनिक बदलला तर नव्याला सगळं
पहिल्यापासून सांगावं लागतं,
आणि तो ऐकताना मान हलवतो,
पुढची तारीख मात्र देत नाही.
बहीण म्हणते, विक. एखादी शहाणी गाडी घे.
शहाणी! मी दिवसभर
साखरेचे टक्के मोजते, दोन दशांशापर्यंत.

पण एक गोष्ट पत्रकात होती, ठळक अक्षरांत :
घरी पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नये.
आतलं चाक लालबुंद असतं, फिरत असतं;
तेल वाहू द्यावं, एक मिनिट.

तर रोज संध्याकाळी अंगणात मी बसून राहते.
दिवा बंद. रेडिओ बंद. इंजिन हलकं.
बॉनेटवर पडणारं बर्फ पडता पडताच पाणी होतं.
आम्ही भांडण मिटवायचो
ते खाडकन किल्ली फिरवून,
आणि जेवायला बसायचो,
आतलं तसंच तापलेलं.
लायल आता फ्लिंटला असतो. नाताळला कार्ड येतं.

साठ सेकंद. कधी सत्तर.
ओफेलिया पडद्याआडून बघते, तिला वाटतं मी रडतेय.

मग किल्ली.
खाली पुठ्ठा सरकवते.
कालच्या पुठ्ठ्यावर पाच थेंब होते तेलाचे.
सकाळी बघू.