सतरा नंबरची पाळी

चाळ पाडली त्याला अकरा वर्षं झाली.
तिथं आता पत्र्याचं कुंपण, आत बाभळी.
पण रोज पहाटे पाचला कुणीतरी फोनवर लिहितंच:
पाणी आलं.
आणि भिवंडीत, सुरतेत, शारजात,
इथं अक्कलकोट रोडला माझ्या उशाशी,
बेचाळीस खोल्या कूस बदलतात.

खरं पाणी सोलापुरात चार दिवसांआड येतं.
ते वेगळं.

तेव्हा नळाला कुलूप होतं,
चावी महिनाभर एकेका खोलीकडे.
चावी ज्याच्याकडे तो पंच.
हंडे तोच मोजणार, भांडण तोच मिटवणार,
एक तारखेला शेजारच्या उंबऱ्यावर चावी ठेवून मोकळा.
आता चावी म्हणजे नुसतं एक बटण,
कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं.
पण फिरते तशीच, नंबराप्रमाणे.
आणि रात्री दहाच्या भोंग्यानंतर कुणी बोलत नाही.
गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला,
तरी नऊ एकोणसाठला सगळे चिडीचूप.
माझ्या नातवाला याचं हसू येतं. येऊ दे.

सतरा नंबर नरसय्या गुंडेटीचा. मागं कुणी नाही.
साडेतीन वर्षांनी त्याची पाळी आली
की महिनाभर चावी कुणाकडेच नसते.
कुणी आत येत नाही, कुणी जात नाही,
पहाट न लिहिताच उजाडते.
मी सोळा नंबर. शेजारी.
मला तो महिना आवडायचा.

मग नऊ नंबरच्या येमुलांची नात मेघमाला,
जन्म सुरतेचा, चाळ फक्त फोटोत पाहिलेली,
तिनं विचारलं: जिन्याखाली कोण राहायचं?

दुपारभर कुणी उत्तर दिलं नाही.

जिन्याखाली सत्तेम्मा राहायची.
तेंदूची पानं, सूप, कात्री, एक मूल.
दाराला नंबर नव्हता, कारण दारच नव्हतं, गोणपाट होतं.
नंबर नाही त्याला पाळी नाही, नियम तिसरा,
माझ्या बापानं भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला.
सगळ्यांचे हंडे भरले की
उरलेल्या धारेखाली ती कळशी धरायची.
ती कळशी आम्ही मोजायचोच नाही.

सतरा नंबर तिला द्या, मेघमाला म्हणाली.

झालं. कुणी रीतभात काढली, कुणी मेलेल्याचा हक्क,
कुणी नरसय्याचा हार घातलेला फोटो टाकला,
आणि त्याखाली कुणीतरी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मत जुन्या रीतीनंच.
पितळी घमेल्यात हो म्हणणाऱ्यानं शेंग टाकायची,
नाही म्हणणाऱ्यानं फोलपट.
म्हणजे नाही म्हणायचं तर आधी दाणे खावे लागत.
फोनमध्ये शेंगेचं चित्र आहे, फोलपटाचं नाही.
म्हणून नाहीवाल्यांनी शब्दच लिहिला: फोल.

चावी माझ्याकडे, मोजणारा मी.
मीही फोल लिहिलं.
बापाचं अक्षर दिसत होतं समोर,
तिसऱ्यातल्या 'ति'ची वेलांटी, पेंट ओघळून लांबलेली.

नऊ अठ्ठावन्नला वीस शेंगा, एकवीस फोल.
तेवढ्यात चार नंबरच्या बसवणप्पांनी,
ज्यांनी नळाला नवी तोटी बसवायलाही विरोध केला होता,
आपलं फोल पुसलं.
शेंग ठेवली.
मग भोंगा.
सकाळी कुणी कारण विचारलं नाही.

सत्तेम्मा आता विडी घरकुलात. फोन मुलाचा.
तिला लिहिता येत नाही.
एक तारखेला, पाचला नाही, साडेचारला,
तिचा आवाज आला:
नीळ्ळू वच्चिनय.
पुढं अर्धा मिनिट नुसतं काहीतरी वाजत राहिलं.
बटण सोडायचं राहिलं असेल.
सूप असेल, किंवा खरंच धार.

साडेचार की पाच, यावर आता वाद चालू आहे.
मी अजून मत दिलेलं नाही.
सव्वाचारला जाग येते.