दोरा दिसत होता

नंदुरबारला मंगळ बघायला
दुर्बीण लागत नसे.
धुळे रस्त्याला मिरचीच्या पथारीवर उभं राहिलं की झालं,
पायांपासून पार टेकडीपर्यंत लाल,
आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बाया
डोळे तेवढे उघडे ठेवून
हळूहळू चालताहेत त्या ग्रहावर.
भराभर चाललं तर धूळ उठते,
मग सगळा ग्रह शिंकतो.

शहाऐंशीच्या थंडीत निंबा वायरमनने
सुरतेहून भाड्याने आणलेला व्हिडिओ
गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ठेवला,
बाहेर खडूने लिहिलं:
आकाशातली मारामारी, माणशी आठ आणे.
मला वाटलं, आपल्याच पथारीवर शूटिंग केलंय की काय.

जवळजवळ तसंच निघालं.
जमीन आमच्यासारखी.
यान म्हणजे जेवणाची दोन ताटं,
एकावर एक पालथी,
कडेला लग्नातल्या माळेचे दिवे,
आणि वर दोरा.
यान वळलं की दोरा चमकायचा.
गोदाम हसलं.
राक्षस आला, त्याच्या पाठीला चेन,
अर्धी उघडी, आत बनियन.
पुन्हा हसलं.
कप्तान ओरडला, टोपण काढू नका, हवा विषारी आहे!
(म्हणजे निंबा ओरडला, माइकवरून.
पिक्चर कुठल्या देशाचा
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.)
आणि आम्ही दीडशे माणसं
मिरचीच्या खाटाने खोकत होतो.

मग तो पत्र्याचा माणूस.
छातीत एक बल्ब, तोही मिणमिणता.
बाकीचे ताटात बसून निघून गेले,
हा खाली राहिला.
वर बघत काहीतरी बोलला, बराच वेळ,
फ्रिज घरघरतो तसा.
निंबा गप्प.
माइकमधून नुसता त्याचा श्वास.
मग रेडिओसारखं मराठी सोडून
तो घरच्यासारखा बोलला:

मना सेल उतरी ग्यात, भाऊ.
माले घर लई चाल.

शाळेत जी बोलली की छडी बसायची,
कचेरीत जी बोलताना वडील खाली बघायचे,
ती बोली
कोट्यवधी मैलांवरून
एक डबा बोलत होता.

कुणी हसलं नाही.

शेजारी कोकिळा, माझी मोठी बहीण,
दिवसभर देठ खुडून पेटलेले हात
ताकाच्या वाडग्यात बुडवून बसली होती.
डोळ्यांना हात लावायचा नाही
हा पथारीचा पहिला कायदा.
म्हणून पुसलं नाही तिने काही,
हनुवटीवरून टपटप
ताकात पडू दिलं.

येताना मी शहाणपण केलं,
म्हटलं, अगं दोरा दिसत होता.
ती चालत राहिली.
रेल्वे फाटकाजवळ म्हणाली,
दिसत होता म्हणून तर.
तुटला असता मग?

आता भाचा मला मॉलमध्ये नेतो, सुरतेला.
अख्खे ग्रह फुटतात,
एकेक दगड निराळा, एकेक ठिणगी मोजून घ्यावी.
मी खुर्चीत रेलून बसते.
तिथे कशालाच दोरा नाही,
म्हणून कशाचीच काळजी वाटत नाही.
मध्यंतरात भाचा विचारतो, आवडला?
मी हो म्हणते. आवडतोच तसा.

त्यानेच मागे खूप शोधलं मोबाइलवर.
नाव काय होतं, मावशी? हीरो कोण?
नाव निंबालाच माहीत नव्हतं,
आणि निंबाही आता नाही.
पत्र्याचे किती तरी जण दाखवले त्याने मला,
कुणाची छाती चौकोनी, कुणाला तीन डोळे.
कोकिळेला फोन लावला.
ती लसूण सोलत होती.
म्हणाली, जाऊ दे, शोधू नका.
सापडला तरी
तो तिकडे त्याच्या भाषेत
भलतंच काही बोलत असेल.