तीस मीटर कमी

आमचं मैदान तीनशे सत्तर मीटर भरते.
चारशे पायजे होतं,
पण पूर्वेकडून बोडीची पाळ आडवी आली
आन पाळ काही कॉलेजच्या बापाची नाही.
म्हणून पहाटे पाचले
चुन्याचं घमेलं घेऊन मी जो फेरा मारतो
तो तीस मीटर खोटा असते.

निंबार्ते मॅडमनं आल्या-आल्या मोजून काढलं:
आठशेची शर्यत म्हणजे दोन फेरे
आन वर साठ मीटर.
झेंड्याच्या खांबापासून मी टेप सोडत गेलो,
साठावर थांबलो
तर पायाशी वाचनालयाच्या पायऱ्या.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"डोमाजी, शेवटची रेघ इथंच मारा."

तवापासून आमचे पोट्टे-पोट्ट्या
वाचनालयाच्या पायरीवर येऊन कोसळतात.
नियम एकच.
नाडी शंभराच्या खाली येईतोवर
उठायचं नाही, बोलायचं नाही,
सहारेभाऊ देतील ते पुस्तक उघडायचं.
पहिले कोणी वाचत नव्हतं.
घाम टपकून टपकून
एका अर्थशास्त्राची पानं चिकटली,
ते अजून कपाटात आहे, उघडत नाही.
मंग एका हिवाळ्यात पाह्यलं,
नाडी खाली आली
तरी दोघं-तिघं उठेनात.

त्यातली एक दामिनी नैताम.
धानाच्या बांधीत चिखल तुडवून
घोटे तिचे आधीच पक्के.
विद्यापीठाच्या स्पर्धेले गेली.
तिथलं मैदान खरं, पुरं चारशेचं.
दोन फेरे झाले, फीत तुटली,
पंच घड्याळ पाहून एकमेकांकडे पाहून राह्यले,
दोन मिनिटं एकोणीस,
आन हे पोट्टी धावूनच राह्यली!
"थांब वो बाई, संपली शर्यत!"
साठ मीटर पुढं जाऊन थांबली
तर तिथं उसाच्या रसाची गाडी.
म्हणे, "काका, काही वाचाले आहे का?"
हे मी पाह्यलं नाही. लोमेश सांगते,
आन लोमेश निकुरे
थोडं वाढवूनच सांगते.

त्याचं सोताचं काय तर
पाच हजारात तिसरा, गणितात दोनदा नापास.
पाच हजार भागिले तीनशे सत्तर,
तेरा फेरे, वर एकशे नव्वद,
हा भागाकार त्याच्या पायाले पाठ होता,
हातात उतराले अडीच वर्षं लागली.
एकेचाळीस मार्क.
पदकाच्या दिवशी गप होता,
त्या दिवशी पेढे वाटले.

मार्चमध्ये वार्षिक अहवाल.
दुधपचारे बाबूनं दोन कागद केले,
एक क्रीडा यश, एक शैक्षणिक यश.
दामिनी दोन्हीकडं:
आठशे मीटर, सुवर्ण.
भौतिकशास्त्र, गुणवत्ता यादीत चौथी.
बाबूले वाटलं, नाव चुकून दोनदा पडलं,
लाल पेननं एक खोडलं.
कोणतं, ते मी सांगत नाही.
मॅडमनं कागद वापस धाडला,
समासात दोनच शब्द:
"दोन्ही तीच."
एकेचाळीसचा रकाना
कोणत्याच कागदात नव्हता.

आता पश्चिमेची पडीक जागा मिळाली म्हणतात.
मैदान पुरं होणार, चारशेचं,
प्राचार्यांनी सभेत टाळ्या घेतल्या.
मी रातभर हिशेब करत पडलो.
पुरे दोन फेरे म्हणजे पुरे आठशे,
शर्यत झेंड्याच्या खांबापाशीच संपणार.
आन खांबापाशी आहे काय?
खांब.

सकाळी मॅडमले विचारलं.
शिटी गळ्यात अडकवता अडकवता
त्या थोडा वेळ पाळीकडं पाहत राह्यल्या.
"मंग सुरुवातच पायरीपासून करू, डोमाजी."

मी घमेलं उचललं.
सहारेभाऊ कुलूप काढत होते,
चुन्याची धार पाहून म्हणाले,
"काहून जी, आज इकडून?"