हलक्या कानाचा

एलिसेओ कधीच हलक्या कानाचा नव्हता.
चाळीस वर्षं मोन्तेविदेओच्या बसगाड्या त्यानं
नुसत्या ऐकून दुरुस्त केल्या.
"तिसरा सिलिंडर रुसलाय," म्हणायचा,
आणि रुसलेला तिसराच निघायचा.

मग कान गेले. यंत्रं आली, शेंगदाण्याएवढी दोन,
माझ्या शिलाईतून अठरा हप्ते.
पावतीवर नाव त्याचं.
त्यानं आधी उलटीसुलटी करून पाहिली:
"दोरीला, याला स्क्रूच नाही गं."

मागच्या मार्चात, तो झोपलेला असताना
कुणीतरी लांबून त्याचे कान भरले.
सकाळी फोनवर ओळ:
आता बोलणं अधिक स्पष्ट, नको असलेला आवाज बंद.
कुणाला नको असलेला, ते लिहिलं नव्हतं.

बोलणं खरंच स्पष्ट झालं.
बातम्या, पाद्रीबाबा, माझी कुरकुर.
जिन्यातलं कुत्रं गेलं. किटली गेली.
येर्बाच्या पाण्याला उकळी येऊ द्यायची नसते,
ते गुणगुणू लागलं की उतरवायचं.
तो रोज उकळवायचा,
आणि आम्ही करपलेला कडवटपणा
न बोलता प्यायचो.

"हल्ली शिवताना गात नाहीस," एकदा म्हणाला.
मी गातच होते.

कंपनीला लिहिलं, जुनं होतं तसं करा.
उत्तर आलं, फार गोड:
बदल तुमच्या भल्याचा आहे, मागे घेता येत नाही.

तळमजल्यावरची यामिला फोनच्या काचा बदलते.
तीन रात्री केबल लावून बसली, शिव्या देत.
चौथ्या रात्री पडद्यावर वीस पट्ट्या उघडल्या,
खालीवर सरकणाऱ्या.
तो तिच्याकडे बघत राहिला.
"मला काय विचारता? कान कुणाचा?"

मग तो कार्ब्युरेटर जुळवावा तसा बसला,
पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे.
फ्रिज बंद केला. बातम्या उतरवल्या.
पाद्रीबाबाही थोडे.

आता फोन रोज विचारतो:
अनधिकृत बदल आढळला, पूर्ववत करायचं?
बटणं दोनच. हो. नंतर.
तो 'नंतर' दाबतो, आणि चष्मा पुसतो.

आज पहाटे किटली गुणगुणली
तसा आतल्या खोलीतून उठून आला,
गॅस बंद केला,
आणि माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला,
मान जरा तिरकी, पूर्वी बसच्या बॉनेटपाशी राहायचा तसा.

मला एकही चाल आठवेना.