उणे ऐंशी

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी,
जळगावात सत्तेचाळीस अंश असताना
प्रशाळेमागचा ट्रान्सफॉर्मर
एक ठिणगी टाकून गप्प झाला.

जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
डिझेलच्या मागणीचा कागद
मार्चपासून लेखा विभागात सहीला थांबलेला,
बहुधा माझ्या फेलोशिपच्या कागदाखाली.

डीप फ्रीझरच्या दारावरचे लाल आकडे
बॅटरीवर तग धरून होते.
उणे एकाहत्तर.
मी दाराला हात लावून उभी,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
उणे चौसष्ट.

आत सावदा, चिनावल, ऐनपूर, निंभोरा.
केळीच्या मुळांना बिलगलेली माती चाळून
चार वर्षांत वेगळे केलेले एकशे बारा जिवाणू,
ग्लिसरॉलमध्ये निजवलेले.
आणि त्यांच्या खाली, बर्फाच्या पापुद्र्याआड,
माझ्याआधी इथून गेलेल्यांचे डबे.
ते कुणी उघडत नाही,
कुणी फेकतही नाही.

सर नागपूरला, कुणाच्या तरी मौखिकीला.
फोनवर म्हणाले, "बघ काय जमतंय."
ड्राय आइस नाशिकला.
गोळेवाल्याचा बर्फ शून्यावरचा,
तो कुठे पुरणार?
मग सुचलं:
गाई आहेत तिथे नायट्रोजन असतोच.

एरंडोलहून निंबा सैंदाणे आले,
पशुधन पर्यवेक्षक.
मोटारसायकलच्या मागे बांधलेला कॅन,
त्यावर ओलं गोणपाट.
झाकण काढलं, तसा पांढरा धूर
फरशीवर सांडत माझ्या चपलांपर्यंत आला.
आत गीर वळू, मुऱ्हा रेडे,
रंगीत कांड्यांमध्ये उभे.
"दोन कप्पा रिकामा करी देस.
सोमवारले कॅन माले परत पाह्यजे."
मग वाकून पाहिलं,
"यामा काय शे, ताई?"
"जीव."
"इतला बारीक?"
हसले नाहीत. गोणपाटाला हात पुसले फक्त.

दोन कप्प्यांत चोवीस नळ्या.
एकशे बारातून चोवीस.
आधी घेतले तिसऱ्या प्रकरणातले,
मर रोगाच्या बुरशीला थाळीत रोखून धरणारे.
मग ज्यांचे अनुक्रम पुण्याहून आले होते ते.
मग नुसतेच आवडते. होते तसेही काही.
तेवीस झाल्या.
उणे तेवीस, आकडाही तोच.
बधिर बोटांना तळाच्या डब्यातली एक नळी चिकटून आली:
निळी शाई, तिरपं अक्षर,
"झोपे, तापीकाठ, ८/०९".
आडनावाला जागून इतकी वर्षं निजलेली.
चोविसावी जागा माझ्या एन-सतराची होती.
का बदलली, ते प्रबंधात लिहिता येणार नाही.

रविवारी रात्री वीज आली.
सोमवारी कॅन एरंडोलला गेला.
मग अगर ओतणं,
तारेचं टोक ज्योतीत लाल करणं,
रेघ ओढणं, तारीख टाकणं, वाट बघणं.
मागे राहिलेल्या एकोणनव्वदांतले अकरा उगवले.
एन-सतरा नाही.
आणि तिसऱ्या दिवशी झोपेंच्या थाळीत
दातेरी कडांचे शेंदरी ठिपके,
माझ्याकडच्या कशाशीच न जुळणारे.
वास किंचित आंबूस,
कळण्याच्या पिठासारखा.

कार्यालयातल्या जुन्या नोंदवहीतून नाव काढलं,
नावावरून गाव, गावावरून नंबर.
हेमराज झोपे.
भुसावळला सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं,
आता शिरपूरला दुकान.
नळ्याच विकतात, पण ठिबकच्या.
"पीएचडी नाही झाली हो, नोंदणी रद्द झाली माझी.
तुम्हाला कुणी दिला नंबर?"

मी म्हटलं, तुमचं उगवलंय.

बराच वेळ मागचं गिऱ्हाईकच तेवढं ऐकू येत होतं,
सोळा एमएम की वीस, सोळा की वीस.
मग फोन तोंडाजवळ घेऊन
त्यांनी हळूच विचारलं,
"शेंदरी का?"