रुंदी तीनशे वीस

लायब्ररीतून पत्ते काढतेय म्हटलं,
तर बाबा : मांडवीच्या? आज तर सुट्टी.
नाही हो, ही वेगळी. एकाच फोटोचे
सोळा पत्ते लिहून देते क्षणात –
रुंदी तीनशे वीस, सहाशे चाळीस, वाढत वाढत.
ज्याचा जेवढा पडदा, तेवढं चित्र.
कुणी मागेपर्यंत ते कुठेच नसतं.

फोटो दांडिया बाजारच्या व्यायामशाळेचा, बासष्ट सालचा.
मधोमध मल्लखांब, खुर्चीत अध्यक्ष,
दोन्हीकडे मिळून एकेचाळीस लंगोटवाले
आणि पार उजव्या कडेला, सदऱ्यात,
एरंडेलाची बाटली धरून विठू चांदोरकर.
खांबाला तेल लावायचे. चढले कधीच नाहीत.

लॅपटॉपवर सगळे दिसतात.
तीनशे वीसला कातर दोन्ही बाजूंनी आत येते,
विठूकाका जातात, बाटलीसकट.

बाबा चष्मा पुसत म्हणाले,
त्याची नात वाघोडियाला असते.
फोन साधाच आहे तिचा.

मग मी एक ओळ वाढवली :
केंद्रबिंदू, आडवा, शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.

आता छोट्या पडद्यावर मल्लखांब नाही, खुर्ची नाही.
एक माणूस, एक बाटली,
आणि कुणाचा तरी अर्धा दंड,
चकचकीत.

थांबा,
आताच्या अध्यक्षांचा फोन येतोय.